‘रोपिन द विंड’ला मराठीत काय म्हणाल?

अमेरिकी कंट्री गायक गार्थ ब्रूक्सच्या एका अल्बमवर छोटा लेख लिहितोय आणि नावापाशीच अडलोय. ‘रोपिन द विंड’, सप्टेंबर 1991. ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत-नियतकालिकाच्या मुख्य अल्बम-यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरलेला कंट्रीतला हा पहिला अल्बम. ‘वाऱ्याला दोर लावणे’ असं लिहून पाहिलं, पण डोळ्यांपुढे पतंगच येतो. शिवाय ‘सिंगल’ला काय म्हणायचं? ‘एकल’ चालेल?

—

दोर लावणं नव्हे, फास टाकणं. घोड्यावरून पळत्या वासराच्या गळ्यात फास फेकतात, ते रोपिंग. आपल्याकडे दावं आहे, कासरा आहे, वेसण आहे. पण ही सगळी हाताशी असलेल्या जनावराची दोरखंडं. लांबून फास फेकायची वेळ आपल्या शेतकऱ्यावर फारशी येत नाही, त्यामुळे त्याला नेमकं क्रियापद सापडणार नाही. मी सरळ ‘वाऱ्याची मोट’ लिहीन.

—

मोट म्हणजे विहिरीवरची?

—

नाही हो. ती चामड्याची, पाणी शेंदायची. ही मोट म्हणजे गाठोडं. ‘विरोधकांची मोट बांधली’ असं पेपरात येतं ना, तीच.

—

मोट छान आहे, पण सूर वेगळा पडतो. वाऱ्याची मोट बांधणारा माणूस फसणार हे आपण आधीच धरून चालतो. मूळ नावात रग आहे: बघू कसा सापडत नाही ते! गंमत म्हणजे अल्बममध्ये या नावाचं गाणंच नाही.

‘एकल’ मात्र नको. एकल गायन म्हणजे एकट्याने गायलेलं. इथे 10 गाण्यांपैकी पाच सिंगल होती: ‘रोडिओ’, ‘शेमलेस’, ‘व्हॉट शीज डुइंग नाऊ’, ‘पापा लव्ह्ड मामा’ आणि ‘द रिव्हर’. बिलबोर्डची कंट्री गाण्यांची यादी तेव्हा रेडिओवर गाणं किती वाजतं यावर ठरायची, दुकानात किती तबकड्या खपल्या यावर नाही. म्हणजे सिंगल म्हणजे रेडिओसाठी पुढे काढलेलं गाणं. ‘सुटं गाणं’ म्हणा. आणि क्रमवारीसाठी बिनाका गीतमालेचं ‘पायदान’ आहेच की! शेमलेस, व्हॉट शीज आणि रिव्हर पहिल्या पायदानावर, उरलेली दोन तिसऱ्या.

—

‘शेमलेस’ मूळचं बिली जोएलचं. त्याला ‘निर्लज्ज’ करू नका, ती शिवी वाटते. प्रेमात लाज सोडलेला माणूस तो. ‘निलाजरा’ जमेल.

—

माझ्या मते खरी मेजवानी सुटी न निघालेल्या गाण्यांत आहे. चार नावं तर चक्क वाक्प्रचार. ‘बर्निंग ब्रिजेस’ घ्या. हल्ली भाषांतरांत ‘पूल जाळले’ वाचायला मिळतं, अंगावर काटा येतो. सिंहगडावर सूर्याजीने कापलेले परतीचे दोर कुठे गेले? तिकडे दोर टाकतात, आपण कापतो, एवढाच फरक. ‘वी बरी द हॅचेट’मध्ये कुऱ्हाड पुरतात, म्हणजे भांडण मिटवतात, पण दांडा वर ठेवून, म्हणजे पुन्हा उपसता यावी. आपल्याकडे लोक जुनी मढी उकरतात, त्यातलाच प्रकार. ‘अगेन्स्ट द ग्रेन’ म्हणजे लाकडाच्या रेषेच्या उलट. प्रवाहाविरुद्ध पोहणं चालून जाईल.

‘कोल्ड शोल्डर’पुढे मात्र मी हात टेकले. बर्फात अडकलेला ट्रकवाला घरची आठवण काढतोय. कोल्ड शोल्डर देणं म्हणजे झिडकारणं, आणि शोल्डर म्हणजे खांदाही आणि रस्त्याची कडही. आपली कड ‘साइडपट्टी’. साइडपट्टीला मिठी मारून कोण रडेल?

—

एक सूचना. नुसतं ‘कंट्री’ लिहू नका, ‘कंट्री संगीत’ लिहा. आमच्या नाक्यावर कंट्री म्हणजे देशी दारूचं दुकान. ‘कंट्रीतला पहिला’ वाचून मला वेगळाच पराक्रम वाटला.

—

दुरुस्त केलं. नाव देवनागरीत तसंच ठेवतोय, पोटमथळ्यात मोट. सुटं गाणं पक्कं. साइडपट्टीचं कोणाला सुचलं तर सांगा.