‘जराग्रस्त पेशी’ म्हणावे की ‘जून झालेली पेशी’?

प्रश्न (चोपडा) : मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. शरीराच्या ऊतींमधल्या पेशींना वय कसे येते, यावर मराठीत एक टिपण करतो आहे. ‘एजिंग’साठी ‘वार्धक्य’ ठीक आहे. पण ‘सेनेसन्स’लाही तोच शब्द वापरला की विद्यार्थी दोन्ही एकच समजतात. सेनेसन्स ही एकेका पेशीची अवस्था आहे : तिचे विभाजन कायमचे थांबते, तरी ती मरत नाही. शिवाय गर्भाची घडण होत असतानाही काही पेशी काही काळ या अवस्थेत असतात. गर्भातल्या पेशीला वृद्ध कसे म्हणावे?

उत्तर (धुळे) : सर, ‘जरा’ हा शब्द घ्यावा. संस्कृतातील ‘जॄ’ या धातूपासून जरा, जरठ, जीर्ण हे शब्द झाले. ‘सेनेसन्स’च्या मुळाशी म्हातारा या अर्थाचा लॅटिन ‘सेनेक्स’ आहे, आणि जुना या अर्थाचा संस्कृत ‘सन’ त्याच्याच कुळातला. ‘जराग्रस्त पेशी’ हा शब्द भारदस्त आहे आणि ग्रंथात शोभेल.

उत्तर (यावल) : ग्रंथात शोभेल, पण वर्गात ‘जरा’ म्हणजे ‘थोडेसे’ असाच अर्थ मुलांना ऐकू येणार. ‘जीर्ण’ही नको, कारण जीर्ण वस्त्र विरलेले असते आणि ही पेशी तशी निकामी झालेली नसते. माझ्या मते त्याच ‘जीर्ण’पासून प्राकृत ‘जुण्ण’मार्गे आलेला ‘जून’ हा शब्द नेमका आहे. भरिताचे वांगे झाडावर जास्त दिवस राहिले की जून होते : वाढ थांबते, साल निबर होते, बी कडक होते, पण वांगे सडलेले नसते आणि झाडाकडून पोषण घेतच राहते. म्हणून तर असे वांगे आपण तोडून टाकतो. ते ठेवले तर नवा बहर कमी धरतो. जून पेशीही नुसती बसून राहत नाही. ती दाह वाढवणारी प्रथिने आणि भोवतालचे जाळे विरघळवणारी विकरे बाहेर सोडते आणि शेजारच्या निरोगी पेशींनाही बिघडवते. 2011 साली जनुकीय बदल केलेल्या उंदरांमध्ये ‘पी16’ हे प्रथिन बनवणाऱ्या अशा पेशी औषध देऊन काढून टाकल्या, तेव्हा स्नायूंची झीज आणि मोतीबिंदू लांबले. अर्थात दृष्टांत शेवटपर्यंत ताणू नये. जखम भरताना याच पेशींचा उपयोगही होतो.

उत्तर (धुळे) : वांग्याचा दृष्टांत मान्य. तरीही ‘जून’ हे गुणविशेषण झाले, आणि सरांना प्रक्रियेचे नाव हवे आहे.

उत्तर (यावल) : ‘जून होणे’ हे क्रियापद प्रक्रियाच सांगते. 1961 मध्ये लिओनार्ड हेफ्लिक आणि पॉल मूरहेड यांनी दाखवले की प्रयोगशाळेत वाढवलेल्या माणसाच्या पेशी साधारण 40 ते 60 वेळा विभागतात आणि मग थांबतात. मध्येच गोठवून ठेवल्या, तरी पुढची मोजणी जिथे राहिली तिथूनच सुरू होते. प्रत्येक विभाजनात गुणसूत्राचे टोक, म्हणजे टेलोमिअर, आखूड होत जाते, हे त्याचे एक मुख्य कारण. डीएनएला इजा झाली किंवा कर्करोगकारी जनुक जागे झाले, तर मोजणी पुरी होण्याआधीही पेशी थांबते. ‘पन्नासएक विभाजनांनंतर पेशी जून होते’ या वाक्यात काही अडते का?

प्रश्नकर्ता (चोपडा) : वाक्यात अडत नाही, मथळ्यात अडते. ‘जून पेशी’ असे फळ्यावर लिहिले, तर मागच्या बाकावरून ‘सर, मग जुलै पेशी कोणत्या?’ हा प्रश्न येणारच. म्हणून मथळ्यात ‘पेशींचे जून होणे’ लिहितो, व्याख्येत ‘जरावस्था’ एकदा देतो आणि पुढे सगळीकडे ‘जून झालेली पेशी’ वापरतो. ‘ऊती’ मात्र तसाच ठेवतो. हिंदी पुस्तकांतला ‘ऊतक’ नको. आमच्याकडे घरोघरी ‘टिश्यूची केळी’ लावतात, त्यामुळे ऊती म्हणजे टिश्यू एवढे एकदा सांगितले की पुरते.