जावा: रिफ्लेक्शन काढून बाइटकोड जनरेट करावं का? सल्ला हवाय

रानवाट:
नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण जाणकारांनी कृपया वाचा. आमच्याकडे रोज रात्री एक सीएसव्ही फाइल येते, साधारण १० लाख ओळी आणि ४० कॉलम. प्रत्येक ओळीचा एक ऑब्जेक्ट बनतो आणि मग तो डेटाबेसमध्ये जातो. कॉलमच्या हेडरवरून फील्डचं नाव कळतं, मग रिफ्लेक्शनने (प्रोग्रॅम चालू असताना क्लासमधली फील्ड आणि मेथड नावाने शोधून वापरणं) गेट-डिक्लेअर्ड-फील्डने टाइप काढतो, गेट-मेथडने सेटर, म्हणजे फील्डमध्ये किंमत भरणारी मेथड, शोधतो आणि ती इन्व्होक करतो, म्हणजे चालवतो. डेटाबेस सोडून नुसतं हे ऑब्जेक्ट भरायलाच चार मिनिटं लागतात. जावा ११ वर आहोत, दिवाळीनंतर २१ वर जायचंय. टीममधले सीनियर म्हणतात रिफ्लेक्शन मुळातच स्लो, ते काढून बाइट बडी किंवा एएसएम (बाइटकोड, म्हणजे जावाचं इंजिन जेव्हीएम चालवते तो कंपाइल झालेला कोड, बनवणाऱ्या लायब्ररी) वापरून रनटाइमला, म्हणजे प्रोग्रॅम चालू असतानाच, क्लास जनरेट कर. मला एएसएम अजिबात येत नाही, शिकायची तयारी आहे पण दोन आठवडे त्यात घालवून फरकच पडला नाही तर काय, ही भीती आहे. कोणी प्रत्यक्ष केलंय का?

घाटमाथा:
केलंय. बाइट बडीच घ्या, थेट एएसएमच्या वाटेला जाऊ नका. एएसएममध्ये स्टॅकवर काय आहे ते तुम्हालाच डोक्यात धरावं लागतं आणि एक इन्स्ट्रक्शन चुकली की व्हेरिफाय-एरर, जेव्हीएम तो क्लास घेतच नाही. बाइट बडीत ते बरंच झाकलेलं आहे. हायबरनेट या डेटाबेसच्या लायब्ररीनेसुद्धा आधी सीजीलिब, मग जावासिस्ट (याही बाइटकोड बनवणाऱ्याच) आणि ५.३ पासून डीफॉल्टला बाइट बडी असाच प्रवास केलाय. सीजीलिब नवीन कामाला नकोच, जावा १७ वर त्याने त्रास दिलेला पाहिलाय.

कंदील:
थांबा थांबा, आधी हिशोब करू. १० लाख गुणिले ४० म्हणजे ४ कोटी इन्व्होक. गरम झालेल्या (थोडा वेळ चालून वेग पकडलेल्या) जेव्हीएमवर एका इन्व्होकला अगदी सढळ हाताने २० नॅनोसेकंद धरा, तरी सगळे मिळून ०.८ सेकंद होतात. तुमची चार मिनिटं म्हणजे २४० सेकंद, मग बाकीचे २३९ कुठे गेले? इन्व्होक हा चोर नाहीच. उद्या तुम्ही जगातला सगळ्यात सुंदर बाइटकोड जनरेट केलात तरी तो ०.८ सेकंदच वाचवणार.

मला शंका शोधण्यावर आहे. गेट-डिक्लेअर्ड-फील्ड आणि गेट-मेथड प्रत्येक सेलला बोलावताय ना? ते दरवेळी नावाने शोधतात, तपासण्या करतात आणि मिळालेल्या ऑब्जेक्टची नवी कॉपी हातात देतात. कॉपी का, तर सेट-ॲक्सेसिबलचा (प्रायव्हेट गोष्टीलाही हात लावू देणारा) झेंडा त्या ऑब्जेक्टवर असतो आणि तुम्ही लावलेला झेंडा दुसऱ्या कोणाला मिळायला नको. म्हणजे ८ कोटी लुकअप आणि तेवढाच कचरा जीसीला, म्हणजे मेमरी साफ करणाऱ्या गार्बेज कलेक्टरला.

एक प्रश्न: तुमच्या क्लासला बेस क्लास आहे का? त्यातली फील्ड कशी शोधता?

रानवाट:
हो आहे, आयडी, तयार-केल्याची-तारीख, शाखा कोड वगैरे १२ कॉलम बेस क्लासमध्ये आहेत. गेट-डिक्लेअर्ड-फील्ड तिथलं देत नाही म्हणून एक्सेप्शन पकडून मग सुपरक्लासमध्ये शोधतो. हे चुकीचं आहे का?

कंदील:
सापडलं बघा. १२ कॉलम गुणिले १० लाख, म्हणजे एका रात्रीत १.२ कोटी नो-सच-फील्ड एक्सेप्शन. एक्सेप्शन बनतं तेव्हा जेव्हीएम पूर्ण स्टॅक (एकमेकींना बोलावणाऱ्या मेथडची साखळी) चालत जाऊन ट्रेस भरते, आणि बॅच फ्रेमवर्कच्या आत स्टॅक चांगला खोल असतो. एका इन्व्होकच्या कितीतरी पट जास्त खर्च तिथे होतोय, आणि वाईट म्हणजे ते कुठेच दिसत नाही कारण तुम्ही ते गिळताय.

उपाय साधा आहे. फाइल उघडली, हेडरची ओळ वाचली, की तिथेच एकदा ४० कॉलमचे ४० सेटर शोधून ॲरेमध्ये ठेवा, कॉलमचा नंबर हाच इंडेक्स. टाइप आणि कन्व्हर्टर पण तिथेच ठरवा. मग १० लाख ओळी नुसत्या ॲरेवरून. पण हे बदलायच्या आधी असिंक-प्रोफायलर लावून फ्लेम ग्राफ (कुठे किती वेळ गेला ते पट्ट्यांच्या रुंदीने दाखवणारं चित्र) काढा, माझ्या शब्दावर जाऊ नका.

तिठा:
कंदील यांना पूर्ण अनुमोदन, पण रानवाट यांच्या सीनियरांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही, त्यामागे इतिहास आहे. रिफ्लेक्शन आलं जावा १.१ मध्ये, १९९७ ला, आणि तेव्हा ते खरंच रडकं होतं, ज्यांनी तेव्हा वापरलं त्यांच्या मनात ते कायमचं बसलं. २००२ च्या १.४ मध्ये गंमत अशी झाली की जेडीके, म्हणजे जावाचा मूळ संच, स्वतःच बाइटकोड जनरेट करायला लागलं. एखादी मेथड पहिल्या १५ वेळा नेटिव्ह कोडमधून जाते, त्यानंतर जेव्हीएम तिच्यासाठी एक छोटा क्लास बनवते, स्टॅक ट्रेसमध्ये जनरेटेड-मेथड-ॲक्सेसर आणि पुढे आकडा दिसतो तोच. म्हणजे तुमच्या जावा ११ वर पहिल्या १५ ओळींनंतर तुमचे सगळे सेटर जनरेट केलेल्या बाइटकोडमधूनच चाललेत! सीनियर जे मागतायत ते फुकटात मिळतंय. (हे फक्त मेथड आणि कन्स्ट्रक्टरसाठी, फील्ड थेट वाचलं-लिहिलं तर तिथे अनसेफ नावाचा जेडीकेचा आतला क्लास असतो.)

जावा १८ पासून, २०२२ ला, हे सगळं मेथड-हँडलवर (मेथड थेट बोलावता येणारा दुवा) नव्याने लिहिलं. त्याचा एक परिणाम तुम्ही २१ वर जाताना लक्षात ठेवा: मेथड ऑब्जेक्ट स्टॅटिक फायनलमध्ये असेल तर जेआयटीला (चालू असताना मशीन कोड बनवणाऱ्या कंपाइलरला) तो स्थिर दिसतो आणि जेआयटी त्या मेथडचा कोड आरपार इनलाइन करतो, म्हणजे जागच्या जागी घालतो, पण ॲरे किंवा मॅपमधून काढलेला असेल तर ते जमत नाही आणि काही ठिकाणी आधीपेक्षा थोडं हळूही होऊ शकतं. तुमच्या ४ कोटी कॉलना त्याने काही बिघडणार नाही, पण २१ वर गेल्यावर कोणी आकडे दाखवले तर घाबरू नका.

निळी शाई:
मी जनरेट करण्याची दुसरी बाजू सांगते कारण हे भोगलंय. आधीच्या एका कामात एकाने फार हौसेने मॅपर जनरेट करणारी लायब्ररी लिहिली होती, वेगवान होती खरंच. पण क्लास कॅश करायचं एका वाटेवर राहून गेलं आणि प्रत्येक रिक्वेस्टला नवा क्लास बनत गेला. हीप (ऑब्जेक्टची मेमरी) रिकामं, सगळं हिरवंगार दिसतंय, आणि चार-पाच दिवसांनी मेटास्पेस (क्लासची माहिती ठेवायची मेमरी) भरून सर्व्हर आडवा. आम्ही दोन वेळा रीस्टार्ट करून सोडून दिलं, तिसऱ्यांदा रात्री तीनला मी एकटी लोड झालेल्या क्लासची यादी काढत बसले तेव्हा एकच नाव पुढे आकडा बदलत हजारो वेळा दिसलं. साधा क्लास त्याचा क्लासलोडर (क्लास मेमरीत आणणारा) जाईपर्यंत जात नाही, आणि आमचा लोडर ॲप्लिकेशनचाच होता, तो कशाला जातोय. आता जावा १५ पासून हिडन क्लास आहेत, ते लोडरला न बांधता बनवता येतात, तरीपण ज्याने लिहिलं तो नोकरी सोडून गेला की तो कोड कोणी हातात घेत नाही. टीममध्ये निदान दोघांना तरी जावापी हे टूल चालवून बाइटकोड वाचता येत नसेल तर हे करू नका, मनापासून सांगते.

घाटमाथा:
निळी शाई, मान्य. मी घाई केली, हिशोब आधी मांडायला हवा होता. पण जनरेट करायची जागाही आहे हे नोंदवतो, नाहीतर नवीन लोकांना वाटेल ते कायम वाईटच. सिरियलायझर (ऑब्जेक्टचा मजकूर बनवणारे), ओआरएम (हायबरनेटसारखे), प्रॉक्सी (दुसऱ्या ऑब्जेक्टच्या जागी उभे राहणारे), जिथे एकच कोड हजारो ॲप्लिकेशनमध्ये दिवसरात्र फिरतो तिथे एका गेटरमागचे काही नॅनोसेकंदही मोलाचे. जॅक्सन या जेसन लायब्ररीचं बघा, आफ्टरबर्नर नावाचं मॉड्यूल बाइटकोड बनवतं आणि नवीन जावासाठी ब्लॅकबर्ड आहे, ते जेडीकेच्याच लॅम्डा-मेटाफॅक्टरीवर चालतं. ते तयार आहे, वापरा, स्वतः लिहू नका.

रानवाट:
सर्वांचे खूप आभार. प्रोफायलर लावला. फ्लेम ग्राफमध्ये सगळ्यात रुंद पट्टा फिल-इन-स्टॅक-ट्रेस, म्हणजे एक्सेप्शनचा ट्रेस भरणं, त्याच्या शेजारी गेट-मेथड. इन्व्होक शोधायला झूम करावं लागलं! हेडरवरच सेटर ठरवून ॲरेत ठेवले, दुपारभराचं काम. चार मिनिटांचं २५ सेकंदांच्या आत आलं, आणि त्यातलं बरंचसं आता तारखा आणि रकमा पार्स करण्यात जातंय. सीनियरांना ग्राफ दाखवला, त्यांनी शांतपणे बघितला आणि म्हणाले बाकीच्या दोन इम्पोर्टरमध्ये पण हेच कर.

अजून एक विचारतो. पुढे हीच सर्व्हिस ग्रालच्या नेटिव्ह इमेजमध्ये (जावा कोड आधीच मशीन कोडमध्ये कंपाइल करून) न्यायची चर्चा आहे, तिथे हे चालेल का?

तिठा:
चालेल, पण नेटिव्ह इमेज बिल्डच्या वेळीच सगळं जग बंद करते, म्हणजे नंतर नवा क्लास येणार नाही असं धरते, त्यामुळे कोणत्या क्लासवर रिफ्लेक्शन करणार ते आधी कॉन्फिगरेशनमध्ये लिहून द्यावं लागतं. रनटाइमला जनरेट केलेला बाइटकोड तिथे चालला नसता. तिथे जायचं पक्कं असेल तर कंपाइलच्या वेळी कोड लिहून देणारा ॲनोटेशन प्रोसेसर बघा, मॅपस्ट्रक्ट तसाच आहे. तो साधा जावा सोर्स लिहितो, उघडून वाचता येतो, डीबगरही त्यात थांबतो.

कंदील:
तारखांसाठी फॉरमॅटर प्रत्येक सेलला नवीन बनवत असाल तर तोही हेडरच्या वेळी एकदाच बनवा. डेट-टाइम-फॉरमॅटर इम्यूटेबल आहे (एकदा बनला की बदलत नाही), थ्रेडमध्ये वाटला तरी चालतो. जुना सिंपल-डेट-फॉरमॅट असेल तर मात्र थ्रेडमध्ये वाटू नका, आधी तो बदला.