मटार ताजा म्हणजे नक्की किती ताजा?
‘हंगामातला, जवळच्या शेतातला मटार गोठवलेल्यापेक्षा केव्हाही सरस’ असं या चर्चेत वर कुणीतरी म्हटलंय, ते अर्धंच पटलं. हंगामाचं ठीक, पण तोडणीला किती तास झाले याचा हिशोब कुणीच मांडला नाही. मटार आणि मका तोडल्यानंतरही जिवंतच असतात. दाण्यातली साखर श्वसनात खर्च होत राहते आणि उरलेल्यातली बरीचशी स्टार्चमध्ये बदलते. उन्हात पडून राहिलं की हे आणखी वेगाने. म्हणून शेजारच्या शेतातला पण दोन दिवस टोपलीत पडलेला मटार पिठूळ लागतो, आणि कारखान्यात तोडणीनंतर काही तासांतच उकळत्या पाण्यातून काढून गोठवलेला गोड लागू शकतो. त्या उकळत्या पाण्याने साखर बदलणारी एन्झाइम्स निकामी होतात, सगळी मेख तिथे आहे. घरी आणलेला मटार लगेच शिजवणार नसाल तर शेंगांसकट फ्रिजमध्ये टाका. थंडीने ही क्रिया बरीच मंदावते.

टोमॅटोचं मात्र उलटं. साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली त्याचा वास घडवणारी संयुगं तयार होणं मंदावतं, आणि आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेला टोमॅटो नंतर बाहेर ठेवला तरी तो वास पूर्ण परत येत नाही. ‘हंगामातलेसुद्धा हल्ली बेचव लागतात’ अशी तक्रार वर दोघांनी केली आहे. तुम्ही ते ठेवता कुठे?