खुनी सापडतच नाही असा एपिसोड: घरच्या ग्रुपवरची चर्चा

वहिनी: मंडळी, खुनाच्या तपासाच्या सिरियल ज्यांना आवडतात त्यांनी 'होमिसाइड: लाइफ ऑन द स्ट्रीट'चा 'थ्री मेन अँड अडीना' हा एपिसोड बघाच. जुना आहे, मार्च १९९३ चा, पहिल्या सीझनमधला. बाल्टिमोर शहरात अडीना वॉटसन नावाच्या ११ वर्षांच्या मुलीचा खून झालाय, संशय रिस्ली टकर नावाच्या म्हाताऱ्यावर, हा घोडागाडीवरून फळं-भाजी विकतो, आणि त्याला आधी इतक्यांदा बोलावून झालंय की आता पोलिसांच्या हातात शेवटचे १२ तास आहेत, तेवढ्यात कबूल झाला तर झाला नाहीतर सोडून द्यायचा. जवळजवळ अख्खा एपिसोड एका खोलीत आहे. पाठलाग नाही, गोळीबार नाही. टेबल, खुर्च्या आणि तिघं जण बोलतायत, पेम्बल्टन आणि बेलिस हे दोन पोलिस आणि हा म्हातारा. मी जागची हलले नाही.

नंदूमामा: मी पण बघितला, तूच परवा सांगितलंस म्हणून. सगळं चांगलं पण शेवट काय? खुनी कोण ते सांगतच नाहीत! पाऊण तास बसायचं आणि हाती काय तर काही नाही. आपल्या सीआयडीत निदान शेवटी माणूस पकडतात तरी.

चिनू: थांबा, पेम्बल्टन म्हणजे ब्रुकलिन नाइन-नाइन या कॉमेडी सिरियलचा कॅप्टन होल्ट ना?? आंद्रे ब्राउअर? मला माहीतच नव्हतं तो आधी असलं काही करायचा

वहिनी: हो चिनू तोच. डिसेंबर २०२३ मध्ये गेला, फक्त ६१ चा होता. होल्टमध्ये जो दगडासारखा चेहरा ठेवून बोलायचा ना, त्याचं मूळ इथे आहे. याच सिरियलसाठी त्याला १९९८ ला एमी, म्हणजे तिकडचं टीव्हीचं मोठं बक्षीस, मिळालं.

मेरीलँडचा दादा: मी इथे आल्यावर ती इमारत मुद्दाम बघून आलो होतो. फेल्स पॉइंट म्हणून बाल्टिमोरचा जुना बंदराचा भाग आहे, दगडी रस्ते, समोर पाणी, तिथे थेम्स स्ट्रीटवरचा जुना रेक्रिएशन पिअर म्हणजे सिरियलमधलं पोलिसांचं ऑफिस. आता तिथे मोठं हॉटेल झालंय. आणि वहिनी ती घोडागाडीवाली माणसं खरी आहेत बरं का, त्यांना अराबर म्हणतात, बहुतेक कृष्णवर्णीय, पिढ्यान् पिढ्या हाच धंदा, गाडीला रंगीत सजावट, घोड्याच्या गळ्यात घुंगरं आणि गल्लीतून ओरडत जायचं. आता अगदी मोजके उरलेत. लेखकाने संशयित म्हणून कोणीतरी उपरा गुंड नाही घेतला, त्या शहरातल्या प्रत्येक पोराने लहानपणी बघितलेला माणूस घेतला.

माई: मला सबटायटल लावून दे कोणीतरी. पण मुलीचं काय दाखवलंय? मला लहान मुलांचं बघवत नाही गं.

वहिनी: माई, अंगावर येईल असं काही दाखवत नाहीत. मुलगी फक्त फोटोत आहे. नावात तीन पुरुष आणि ती, पण खोलीत ती नाहीच, तिच्या बाजूने बोलायला हे दोन पोलिस, आणि तेही आपापल्या परीने वाकडे होत जातात. बेलिस हा नवीन आहे, खून विभागात आल्यावर त्याच्या नावावर पडलेली ही पहिली केस. त्यांच्याकडे एक पांढरा बोर्ड असतो, प्रत्येक पोलिसाच्या नावाखाली मेलेल्याचं नाव, केस उघडी असेल तर लाल शाईत, सुटली की काळ्या. बेलिसच्या नावाखाली अडीनाचं नाव लाल. रोज येता-जाता समोर दिसतं. माणूस त्याने वेडा होईल नाहीतर काय.

मेरीलँडचा दादा: तो बोर्ड खरा. डेव्हिड सायमन नावाच्या बाल्टिमोर सनच्या बातमीदाराने १९८८ चं अख्खं वर्ष तिथल्या खून विभागात पोलिसांबरोबर काढलं आणि १९९१ मध्ये पुस्तक आणलं, सिरियल त्यावरून. त्या एका वर्षात शहरात २३४ खून. त्यात एका ११ वर्षांच्या मुलीचा पण होता आणि तो आजतागायत सुटलेला नाही. मामा, म्हणून शेवट तसा आहे. खऱ्या घरातले लोक अजून उत्तराशिवाय बसलेत आणि टीव्हीवाल्यांनी पाऊण तासात खुनी पकडून टाळ्या घ्यायच्या, हे बरं दिसलं नसतं.

नंदूमामा: हे माहीत नव्हतं. ठीक आहे. तरी माझं मत तेच, त्या म्हाताऱ्यानेच केलंय. स्वतःच्या तोंडाने बोलतो ना शेवटी त्या मुलीबद्दल.

वहिनी: काय बोलतो नीट आठवा मामा. खून केला असं नाही बोलत. आपल्या आयुष्यात खरं प्रेम कोणावर केलं असेल तर ते या ११ वर्षांच्या मुलीवर, असं बोलतो, आणि ते ऐकताना किळस पण येते आणि तो इतका मोडलेला असतो की डोळ्यांत पाणी पण येतं. त्या पोलिसांना जे हवं होतं त्याच्या अगदी दारात येऊन तो थांबतो. मोझेस गन या नटाने काय काम केलंय, मोठा रंगभूमीवरचा माणूस, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वारला. आधी गरीब बिचारा म्हातारा, दारू सोडलेला, खाली मान घालून बसलेला, आणि मग दहाव्या-अकराव्या तासाला अचानक तोच या दोघांना उलगडायला लागतो. पेम्बल्टनला तोंडावर सांगतो की तू स्वतः काळा असून माझ्यासारख्या काळ्या माणसांची तुला लाज वाटते. पेम्बल्टनकडे उत्तर नसतं! एरवी त्या खोलीत कोणाकडूनही काहीही वदवून घेणारा माणूस.

चिनू: आणि बेलिस त्याचं तोंड गरम पाइपजवळ नेतो तो सीन. मी पॉज केलं तिथे

वकीलकाका: मी इतका वेळ वाचत होतो, आता बोलतो. अमेरिकेत १९६६ च्या मिरांडा निकालानंतर पोलिसांना आधी हक्क वाचून दाखवावे लागतात, गप्प बसायचा हक्क, वकिलाचा हक्क. पण आरोपीने ते सोडले आणि आपणहून बोलला तर पोलिसांसमोरची ती कबुली कोर्टात जाते. म्हणून ते दोघं १२ तास जिवाच्या आकांताने मागे लागलेत, दुसरा धड पुरावाच नाही. आपल्याकडे पोलिसांसमोरची कबुली पुरावा म्हणून चालतच नाही. १८७२ च्या एव्हिडन्स अ‍ॅक्टचं कलम २५ होतं, १ जुलै २०२४ पासून साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. आरोपीने सांगितल्यावरून हत्यार किंवा कपडे सापडले तर फक्त तेवढा भाग चालतो. पेपरात 'आरोपीने कबुली दिली' असं छापून येतं आणि आपल्या ग्रुपवर लगेच फाशी द्या, फाशी द्या सुरू होतं, ते मला दर वेळी खटकतं. मारहाण करून माणूस काहीही कबूल करतो हे इंग्रजांना दीडशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

नंदूमामा: आणि ती काजळी? मुलीच्या कपड्यांवर त्याच्या जळलेल्या तबेल्यातली काजळी सापडते ना?

वकीलकाका: काजळी एवढंच सांगते की कपडे त्या तबेल्यात लागले. कोणी, केव्हा, का, यातलं काहीच नाही. ती त्याच्या ओळखीतलीच मुलगी होती. मी बचावाचा वकील असतो तर दहा मिनिटांत संपवलं असतं.

माई: म्हणजे केलं असलं तरी सुटणार?

वकीलकाका: हो माई, असं होतं. नसेल केलं तर अडकू नये म्हणून ते सोसावं लागतं.

माई: आईने काय करायचं मग.

वहिनी: माई त्याला कोणाकडेच उत्तर नाहीये गं, सिरियलमध्ये पण नाही. पुढे सगळे सीझन ही केस उघडीच राहते.

नंदूमामा: बरं एक सांगा, सुरुवातीला बेलिसची खात्री आणि पेम्बल्टनला शंका. शेवटी उलटं. पेम्बल्टन म्हणतो यानेच केलं आणि बेलिस म्हणतो आता मला माहीत नाही. एवढा हुशार पेम्बल्टन, त्याला जर वाटतं तर काहीतरी असेलच ना?

वहिनी: मला नाही वाटत. काल यांच्याशी यावरून बराच वाद झाला. माझं म्हणणं, त्या म्हाताऱ्याने त्याच्या वर्मावर बोट ठेवलं, तो दुखावला, आणि त्यानंतर त्याला खात्री वाटायला लागली. पुरावा आधी होता तेवढाच आहे, १२ तासांत एक कण वाढला नाही. आणि बेलिस, ज्याने हात उगारला होता, त्याच्यातली सगळी हवाच निघून गेलीये. एपिसोडचा लेखक टॉम फोंटाना, त्याला या लिखाणाला एमी मिळालं ते या अदलाबदलीसाठीच मिळालं असणार असं मला वाटतं.

नंदूमामा: हे म्हणजे तुझं मत झालं. मला तो बोलताना खरा वाटला, त्याने त्या म्हाताऱ्याच्या डोळ्यांत काहीतरी बघितलंय.

वकीलकाका: मामा, डोळ्यांत बघितलेलं आरोपपत्रात कसं लिहिणार?

नंदूमामा: रविवारी या सगळे माझ्याकडे, मोठ्या टीव्हीवर लावतो. माईंना सबटायटल पण दिसतील नीट. ते वर्मावर बोट ठेवायच्या आधीचं आणि नंतरचं दोन्ही परत बघायचंय मला.