भिंत आळंदीपुरती नाही
वाघावर बसून आलेल्या चांगदेवांना ज्ञानेश्वर भिंत चालवत सामोरे गेले, ही गोष्ट वर्गात नकोच, कारण 'भिंत चालली की नाही यावरच तास संपतो', असं म्हटलं जातं. ते खरंय, पण म्हणून गोष्टच गाळायची हे काही पटत नाही. मी नववीला आधी चित्र काढायला लावते. वाघ, सापाचा चाबूक, भिंतीवर चौघं भावंडं, सगळं येतं. मग ज्ञानेश्वरांनी चांगदेवांना उद्देशून लिहिलेली 'चांगदेव पासष्टी' हातात देते. ६५ ओव्या, त्यात ना वाघ ना भिंत! तिथून महिपतींचा संतचरित्रांचा ग्रंथ 'भक्तविजय', मग प्रभातचा १९४० चा 'संत ज्ञानेश्वर' चित्रपट.

पण वर्ग खरा जागा होतो तुर्कस्तानात. तिथले सूफी संत हाजी बेक्ताश वली यांच्या आख्यायिकेतही दुसरा एक सूफी सिंहावर बसून, सापाचा चाबूक घेऊन येतो आणि हाजी बेक्ताश चक्क दगडावर स्वार होऊन सामोरे जातात. मागच्या बाकावरून लगेच, "मॅडम, कॉपी कोणी केली?"