सुभेदार आजोबा आणि जमालपूर

वर कुणीतरी लिहिलंय की आपले ठाण्याच्या नौपाड्यातले सुभेदार आजोबा ७१ च्या बांगलादेश युद्धात ढाक्यात लढले. ढाका नंतर हो, आधी त्याच्या उत्तरेचं जमालपूर! त्यांची पहिली मराठा, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, तीच जंगी पलटण. १० डिसेंबरच्या रात्री जमालपुरातून दक्षिणेकडे निसटू पाहणाऱ्या पाकिस्तानी बलुच पलटणीची वाट त्यांनीच अडवली. आजोबा मात्र लढाईपेक्षा त्या रात्रीच्या थंडीबद्दलच जास्त बोलायचे. तलावपाळीच्या फेरीत शेंगांची पुडी कायम डाव्या हातात, कारण उजव्या हाताची दोन बोटं वळायची नाहीत. कशाने, असं विचारलं की "शेंगा सोल आधी" एवढंच. (सोसायटीच्या मीटिंगला उशिरा गेलं तर मात्र सगळ्यांदेखत झाडायचे. मीही बोलणी खाल्लीयेत.) दर १६ डिसेंबरला, ढाक्यात पाकिस्तानी फौज शरण आली त्या दिवशी, गुळगुळीत दाढी करून, कोटावर मेडलं लावून एकटेच गॅलरीत बसायचे.