ग्वादरचं कौतुक करण्याआधी तिथल्या मच्छीमारांना विचारा

काणकोणकार: काल इथे एकाने पाकिस्तानातल्या ग्वादर बंदराबद्दल लिहिलं, "चीनने ग्वादरच्या ओसाड किनाऱ्यावर बंदर उभं केलं, सीपेक (चीन-पाकिस्तान आर्थिक कॉरिडॉर) बघा आणि शिका, आम्ही गोंयकार साध्या रेल्वे दुपदरीकरणाला आडवे येतो." डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय. ओसाड कुठलं बाबा, पिढ्यानपिढ्या मच्छीमारांचं गाव ते, १९५८ पर्यंत ओमानकडे होतं. २०१५ ला सीपेकसाठी ४६ अब्ज डॉलरची घोषणा झाली आणि २०२१ च्या नोव्हेंबरात तीच माणसं महिनाभर रस्त्यावर बसली, मागणी काय तर प्यायला पाणी द्या, चेकपोस्ट कमी करा, बाहेरचे ट्रॉलर (मोठी जाळी ओढणाऱ्या यांत्रिक बोटी) हटवा. मग बंदर झालं कोणासाठी?

सत्तरीकर: तो मीच. माझा भाऊ तारवटी आहे, वर्षातले आठ महिने जहाजावर, आई गेली तेव्हा पोचू शकला नाही. इथे काम असतं तर गेला असता का? ग्वादरला २०२५ मध्ये नवा विमानतळपण सुरू झाला, आम्ही रेल्वे जिथून जाते ते मोलेचं जंगल धरून बसलोय.

फोंड्याची: मोलेचं कोर्टात ठरलं, २०२२ ला सुप्रीम कोर्टाने कॅसलरॉक-कुळे पट्ट्यातल्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली, उगाच लोकांना दोष देऊ नका. आणि सीपेक भारत आपला मानतो त्या गिलगिट-बाल्टिस्तानातून जातो हे विसरलात? २०२३ ला बाणावलीत एससीओची (शांघाय सहकार्य संघटनेची) बैठक झाली तेव्हा पाकिस्तानचे त्यावेळचे परराष्ट्रमंत्री बिलावल इथेच होते, जयशंकरांनी गोव्यातच सुनावलं की कनेक्टिव्हिटी हवी, पण दुसऱ्याचं सार्वभौमत्व मोडून नको.

काणकोणकार: तेही खरं, पण मला ट्रॉलर सलतात. बाबांची रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) होती, सकाळी अख्खा वाडा दोरी ओढायला यायचा, बांगडे वाटून घ्यायचो. आता जाळ्यात कचरा जास्त येतो. एलईडी दिवे लावून मासे गोळा करणाऱ्या मासेमारीवर २०१७ पासून बंदी आहे, तरी रात्री समुद्रात लायटी दिसतात.

सत्तरीकर: लायटी लावणारे चीनहून आले काय? आपलेच ना? मग कॉरिडॉरला कशाला शिव्या?

काणकोणकार: आपलेच आहेत, म्हणून तर जास्त लागतं! आवाज चढवू नका.

पेडण्याचो: माझी वहिनी बाजारात नुस्तं (मासे) विकते, तिला विचारा बांगडा किती महाग झालाय. बंदी कागदावर ठेवणाऱ्यांवर लिहा की कोणीतरी.

सत्तरीकर: ठीक आहे, ओसाड म्हणायला नको होतं, तेवढं मागे घेतो. पण भावाला इथे काम कोण देणार ते अजून कोणी सांगितलं नाही.

काणकोणकार: ग्वादरच्या पोरांनाही हेच विचारायचं होतं.